ओसरीवरची जुनी मोटारसायकल



वाईस कृष्णाकांठीं आमचें जुनें घर आहे. त्या घराच्या ओसरीवर, एका कोपऱ्यांत, मेणकापडाखालीं झांकलेली एक मोटारसायकल सदतीस वर्षें उभी होती. उंदरांनीं तिच्या बैठकीचें पोट कुरतडलें होतें, चाकांच्या आऱ्यांत कोळ्यांनीं जाळीं विणलीं होतीं, आणि पावसाळ्यांत वाळत घातलेलीं धोतरें व लुगडीं तिच्या हँडलावरून लोंबत असत. घरांतल्या लहान मुलांस तें एक यंत्र आहे हें ठाऊकच नव्हतें. त्यांच्या लेखीं ती एक घडवंची होती. ही घडवंची पुन्हां रस्त्यावर कशी आली, आणि ती आणतांना जुन्यांतलें काय राखावें व नव्यांतलें काय घ्यावें यावरून आम्हां बापलेकांत दोन वर्षें कसा वाद चालला, तो वृत्तांत मी आज आपणांस सांगणार आहें. मी यंत्रविद्येचा पंडित नाहीं. शाळेंत भूगोल शिकवून निवृत्त झालेला मनुष्य आहें, आणि हातांत पाना धरावयास साठीच्या उंबरठ्यावर शिकलों. माझा अधिकार काय तो ठेंचा खाल्लेल्या माणसाचा.

प्रथम या यंत्राचें कुलवृत्त. झेकोस्लोव्हाकियांत फ्रांटिशेक यानेचेक नांवाचा एक शस्त्रांचा कारखानदार होता. १९२९ सालीं त्यानें वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा व्यवसाय विकत घेतला आणि स्वतःच्या व त्या कंपनीच्या नांवांतलीं आरंभींचीं अक्षरें जोडून ‘जावा’ हें नांव सिद्ध केलें. जावा बेटाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें भूगोलाचा शिक्षक या नात्यानें मला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत तो देश जर्मनांच्या ताब्यांत असतां तेथील तंत्रज्ञांनीं अडीचशें घनसेंटिमीटरचें एक नवें यंत्र गुपचूप आंखलें, व युद्ध संपतांच १९४६ सालीं तें जगापुढें मांडलें. त्याच घराण्यांतलें पुढचें अपत्य १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत तयार होऊं लागलें. १९७३ सालीं त्या कारखान्याच्या गाड्यांस ‘येझदी’ हें नांव मिळालें, आणि १९९६ सालीं कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा या नांवाच्या नव्या गाड्या पुन्हां दिसूं लागल्या आहेत. पण त्या चार स्ट्रोकांच्या, म्हणजे निराळ्या जातीच्या होत.

आमची गाडी १९६४ ची. माझे वडील, त्यांस आम्ही आप्पा म्हणत असूं, गुरांचे डॉक्टर होते. वाईच्या आसपासचीं व घाटावरचीं खेडीं त्यांच्याकडे होतीं, आणि अडलेली गाय एस्.टी. च्या वेळापत्रकाप्रमाणें वीत नाहीं, असें ते म्हणत. म्हणून त्यांनीं ही गाडी घेतली. तांबड्या-काळसर रंगाची, टांकीच्या दोन्ही अंगांस क्रोमचे चकचकीत पत्रे. सिलिंडर एक, पण धूर सोडणाऱ्या नळ्या दोन. तिचा एक चमत्कार असा कीं, जी दांडी लाथ मारून इंजिन चालू करावयाची, तीच पुढें वळविली कीं गिअर बदलण्याची होते. शिवाय ती दांडी दाबतांच क्लच आपोआप सुटतो, त्यामुळें चालूं लागल्यावर डाव्या हातास फारसें काम उरत नाहीं. आप्पांच्या त्या हातांत पुष्कळ वेळां औषधांची पिशवी असे. हें मी त्यांचें कौतुक म्हणून सांगत नाहीं. तसें कोणीं करूं नये.

आतां १९७१ ची गोष्ट. त्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास एका रात्रीं पांचगणीकडून एक म्हैस सोडवून ते परत येत होते. पांचगणीहून वाईस उतरावयाचें म्हणजे पसरणीचा घाट. तेथें काय घडलें तें कळण्यासाठीं दोन स्ट्रोकांच्या इंजिनाचा एक स्वभाव ध्यानांत घ्यावा लागतो. या इंजिनास निराळें वंगण नसतें. पेट्रोलमध्यें मिसळलेलें तेल हेंच त्याचें वंगण. लांब उतारावर मूठ बंद करून गाडी गिअरमध्यें ठेवली, तर इंजिन जोरानें फिरत राहतें, पण पेट्रोल बंद असल्यामुळें त्यास तेल मिळत नाहीं, आणि पिस्टन तापून धरतो. म्हणून त्या काळचे जाणते चालक उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडीत. इंजिन हळूहळू आपल्या जागीं गुरगुरत राही व गाडी घरंगळत खालीं येई. आप्पाही तसेंच करीत. यंत्राच्या दृष्टीनें त्यांचें चुकत नव्हतें.

परंतु गाडीचा डायनॅमो क्रँकच्या टोकावरच बसविलेला असतो. इंजिन मंद झालें कीं डायनॅमोही मंद होतो, आणि एका मर्यादेखालीं तो वीज देईनासा होतो. मग दिव्याचा सारा भार बॅटरीवर. आप्पांची बॅटरी त्या वेळीं जुनी झाली होती. इंजिन वांचविण्यासाठीं त्यांनीं गाडी मोकळी सोडली, आणि दिवा पिवळा, मग तांबडा, मग विडीच्या टोंकाएवढा झाला. एका वळणावर रस्ता वळला आणि आप्पा सरळ गेले. दरीच्या बाजूचें तें वळण नव्हतें, म्हणून आज मी हें सांगूं शकतों. ते डोंगराच्या अंगच्या चरांत पडले. डाव्या पायाचा घोटा मोडला. पहाटे दुधाच्या लॉरीवाल्यानें त्यांस घरीं आणलें तेव्हां मी सात वर्षांचा होतों. त्यांच्या धोतराला लागलेली तांबडी माती मला अजून आठवते. घोटा बसला, पण नीट बसला नाहीं. पुढें सारा जन्म ते किंचित् लंगडत. गाडी मात्र त्यांनीं आणखी पंधरा वर्षें चालविली, आणि १९८६ सालीं ओसरीवर लावली. २००९ सालीं ते गेले.

२०२३ च्या दसऱ्यास मुलगा पुण्याहून आला होता. पाटीपूजनाच्या वेळीं त्यानें मेणकापड ओढलें, गाडीला झेंडूची माळ घातली आणि म्हणाला, “बाबा, ही चालूं करायची.” मला आनंद झाला. तो आनंद त्याची यादी ऐकेपर्यंत टिकला. तो अभियंता आहे. पुढच्या चाकास डिस्क ब्रेक, आऱ्यांच्या जागीं ॲलॉयचीं चाकें, बटन दाबून सुरू होणारें इंजिन, एल.ई.डी. दिवे, आणि मोबाइलला वीज देणारें एक भोंक, एवढें त्यास हवें होतें. माझें टोक अगदीं दुसरें. मी जुन्या बाजारांतून तिची मूळ पुस्तिका पैदा केली होती, आणि म्हैसूरहून निघतांना गाडी जशी होती तशी ती झाली पाहिजे, सहा व्होल्टांच्या दिव्यासकट, असा माझा हट्ट होता. तो म्हणे, “तुम्हांला गाडी नको, देव्हारा हवा.” मी म्हणें, “तुला हवी आहे ती दुकानांत मिळते. ती घे आणि हिला सोड.”

कायद्याकडे पाहिल्यावर दोघांचाही आवाज थोडा खालीं आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें आहे कीं, नोंदणीपुस्तकांत लिहिलेला व कारखान्यानें ठरविलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकानें परस्पर करूं नये. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठीं निराळी नोंदणी सुरू केली. तींतही चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या कामास वापरतां येत नाहीं. आम्हांस गाडी अधूनमधून बाजारास न्यावयाची होती, म्हणून आम्ही साध्याच नोंदणीचें नूतनीकरण केलें. वारसाचें नांव लावणें, तपासणी, पुन्हां पांच वर्षांची मुदत, या साऱ्यांत किती खेटे पडले तें सांगत बसत नाहीं; आपल्यापैकीं ज्यांनीं असे खेटे घातले असतील त्यांस तें ठाऊक आहे, आणि इतरांची उमेद मी कशाला घालवूं? सांगाड्यावर करवत चालवावयाची नाहीं, नवें भोंक पाडावयाचें नाहीं, आणि जें नवें बसवूं तें उद्यां काढून जुनें परत बसवितां आलें पाहिजे, इतक्यावर आमचा तह झाला. डिस्क ब्रेक व ॲलॉयचीं चाकें त्या तहांत गेलीं. दिव्याचा प्रश्न तसाच राहिला.

मग गाडी उकलण्यास आरंभ झाला. मुलगा शनिवार-रविवारीं येई. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं तो मोबाइलनें छायाचित्र घेई, आणि मी तो भाग डब्यांत घालून वर चिठ्ठी चिकटवीं. आईचे मसाल्याचे सारे डबे या कामीं लागले. ही खबरदारी क्षुल्लक वाटते, पण दोन वर्षांनीं एक वॉशर हातांत घेऊन तो कोठला याचा विचार करणाऱ्या माणसास तिचें मोल कळतें.

पिस्टन सिलिंडरांत गंजून धरला होता. प्लगच्या भोंकांतून रॉकेल व पातळ तेल निम्में निम्में मिसळून ओतलें, आणि नऊ दिवस वाट पाहिली. दहाव्या दिवशीं माझा धीर सुटला व लांकडाचा ठोकळा न ठेवतां मीं हातोडीचा घाव घातला. ॲल्युमिनियमच्या पिस्टनास खळगा पडला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें सिलिंडर बाहेरून सावकाश तापविला, ठोकळा ठेवला, आणि चार हलक्या ठोक्यांत पिस्टन मोकळा झाला. ॲल्युमिनियम व बीड हे तापल्यावर सारखे फुगत नाहींत. दोहोंमधली गंजाची पकड त्या फरकानें सुटते. हें मला पुढें कळलें.

पिस्टनाचा व्यास ६५ मिलिमीटर आणि त्याची धांव ७५ मिलिमीटर. त्यावरून सिलिंडराचें आकारमान २४९ घनसेंटिमीटर येतें, हें शाळकरी मुलासही काढतां येईल. सिलिंडर झिजला कीं तो लेथवर थोडा मोठा करून घ्यावयाचा व पाव मिलिमीटरच्या पायरीनें मोठा पिस्टन बसवावयाचा, अशी पद्धत आहे. आम्हांस दोन पायऱ्या चढाव्या लागल्या. पिस्टन पुण्याच्या नाना पेठेंत मिळाला. तो घेऊन मी लेथच्या मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं तो हातांत फिरविला, सिलिंडरांत डोकावून पाहिलें आणि परत माझ्या हातांत दिला. दोन स्ट्रोकांच्या पिस्टनांत रिंगांचीं तोंडें फिरूं नयेत म्हणून खांचेंत एक बारीक खिळा असतो. तो खिळा सिलिंडराच्या भिंतींतल्या खिडकीसमोर आला, तर रिंगेचें टोंक खिडकींत अडकून मोडतें आणि मोडका तुकडा सारें इंजिन खरवडून काढतो. माझ्या नव्या, चकचकीत, पेटींतून आलेल्या पिस्टनाचा खिळा नेमका खिडकीसमोर होता. मिस्त्रींच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या नजरेनें आमचें इंजिन वांचलें. अशी नजर असलेलीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. त्यांच्या हाताखालीं शिकणारें पोर मला तेथें एकही दिसलें नाहीं.

इंजिनाच्या आंतलें आणखी एकच सांगतों. क्रँकच्या दोन्ही बाजूंस रबराचीं तेलसीलें असतात. तीं वर्षानुवर्षें पडून राहिलीं कीं दगडासारखीं कठीण होतात. मग त्यांच्या फटींतून इंजिन बाहेरची हवा ओढतें, मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें, पिस्टन तापतो व धरतो. बाहेरून पाहतां सारें ठीक दिसतें आणि दहाव्या मैलावर गाडी बंद पडते. जुनी गाडी उघडलीच असेल तर सीलें जुनीं ठेवूं नयेत, मग तीं कितीही बरीं दिसोत.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी हें भाषण करावयास बसलों ती. दिव्याच्या टोपणांतलें व हँडलामधलें वायरिंग काढण्याचें काम माझ्याकडे होतें. मूळ पुस्तिकेंतला नकाशा समोर ठेवून मी एकेक तार जुळवीत होतों. तेवढ्यांत नकाशांत नसलेली एक तार सांपडली. कापडाच्या वेष्टनाची, घरांतल्या जुन्या विजेच्या तारेसारखी. ती हँडलावरच्या एका लहानशा पितळी बटनापासून निघून टांकीखालून हत्यारांच्या पेटीपर्यंत गेली होती. पेटींत पत्र्याचा एक लांबट डबा रिवेटांनीं बसविला होता. मूळ यंत्रांत कोणीं तरी केलेली ही भेसळ पाहून मला संताप आला. मीं कात्री घेतली, तार तोडली, डबा उचकटला, आणि सारें भंगाराच्या टोपलींत टाकलें.

संध्याकाळीं आई ओसरीवर येऊन बसली. तिचें वय तेव्हां ऐक्याऐंशी. तिनें टोपलींत पाहिलें आणि तो डबा उचलला. “हा का रे काढलास?” मीं म्हटलें, “हा मूळचा नाहीं, आई. कोणा तरी मिस्त्रीनें मागाहून बसवलेला आहे.” ती म्हणाली, “मिस्त्रीनें कसला? पाय प्लॅस्टरमध्यें असतांना त्यांनींच बसवला. मी तार धरून बसलें होतें.”

आप्पांनीं खाटेवर पडल्या पडल्या तो डबा बनविला होता. त्यांत विजेरीचे चार मसाले बसत. दीड व्होल्टाचा एक, म्हणजे मिळून सहा व्होल्ट. दिव्याच्या टोपणांत मुख्य दिव्याशेजारीं त्यांनीं एक छोटा बल्ब बसविला होता. उतारावर गाडी सोडली व दिवा तांबडा होऊं लागला, कीं पितळी बटन दाबावयाचें. डायनॅमो व बॅटरी दोन्ही मेले तरी चार हात रस्ता दिसे. पंधरा वर्षें ते त्या बटनाच्या भरंवशावर पसरणीचा घाट उतरले. आम्हांस त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, आणि त्यांनीं स्वतःच्या हातानें सुधारलेली गाडी मी ‘मूळ स्वरूपांत’ आणीत होतों.

त्या रात्रीं मुलगा व मी फारसे बोललों नाहीं. सकाळीं मीं त्यास म्हटलें, “दिव्याचें काय करायचें तें तूं सांग.”

त्यानें मला कागदावर हिशेब मांडून दाखविला, आणि तो मी आपणांपुढें ठेवतों. ३५ वॉटचा दिवा सहा व्होल्टांवर सुमारें ६ अँपिअर प्रवाह घेतो. बारा व्होल्टांवर तोच दिवा सुमारें ३ अँपिअर घेतो. जुन्या तारा, गंजलेले जोड व बटनें मिळून विजेस थोडा अडथळा असतो. तो एकपंचमांश ओहम धरूं. मग सहा व्होल्टांच्या गाडींत वाटेंतच सुमारें १.२ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे पांचवा हिस्सा. बारांच्या गाडींत ०.६ व्होल्ट, म्हणजे विसावा हिस्सा. आणि बल्बाचा प्रकाश व्होल्टांच्या मानानें फार झपाट्यानें उतरतो. पांचवा हिस्सा व्होल्ट गेले, तर उजेड निम्म्याहून कमी उरतो. एवढासा फरक, पण त्यांत एक वळण मावतें.

म्हणून मूळचा डायनॅमो काढून त्या जागीं चुंबकाचें चक्र असलेला बारा व्होल्टांचा नवा आल्टर्नेटर बसविला. जुन्या जावांसाठीं असे संच झेक देशांत आजही तयार होतात. तो क्रँकच्या त्याच टोकावर बसतो. कोठें कापावें वा घांसावें लागत नाहीं. ठिणगी पाडणारे जुने पॉइंटही त्याबरोबर गेले, त्यामुळें दर कांहीं महिन्यांनीं त्यांच्यामधली फट मोजण्याचा व्याप वांचला. जुना डायनॅमो तेल लावून, कागदांत गुंडाळून, चिठ्ठीसह डब्यांत ठेवला आहे. माझ्या नातवास तो परत बसवावयाचा असेल तर एका दुपारचें काम आहे.

एल.ई.डी. च्या बाबतींत मात्र मुलानें स्वतःच माघार घेतली. असा एक बल्ब आम्ही जुन्या परावर्तकांत बसवून समोरच्या भिंतीवर उजेड पाडून पाहिला. लख्ख पडला खरा, पण चोहोंकडे विखुरलेला. त्या जुन्या परावर्तकाचा घाट तंतूच्या बल्बासाठीं, तंतू नेमक्या एका ठिकाणीं असेल असें धरून बनविलेला. तेथें भलता बल्ब घातला तर रस्त्याऐवजीं समोरून येणाऱ्याचे डोळे उजळतात. आम्ही बारा व्होल्टांचा ३५ वॉटचा साधा हॅलोजन घातला व परावर्तकास नवा मुलामा दिला. ७ अँपिअर-तासांची बॅटरी एकटी असली तरी कागदावर तो दोन तासांहून अधिक जळतो. घाट उतरावयास अर्धा तासही लागत नाहीं.

आणि आप्पांचा डबा पुन्हां बसविला. जुन्या तारेस मुलानें जोड दिला; माझ्या कात्रीची खूण जोडाच्या नळीखालीं झांकली आहे, पण ती कोठें आहे तें मला ठाऊक आहे.

पेट्रोलविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे, कारण पुष्कळांच्या जुन्या गाड्या या एका कारणानें बिघडत आहेत. २०२५ सालापासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल हवेंतलें पाणी ओढून घेतें. गाडी महिनोगणती उभी राहिली तर टांकी आंतून गंजते, जुन्या रबरी नळ्या फुगतात, पेट्रोलच्या चावींतलें बुचाचें सील सुटतें. आम्ही नळ्या व सीलें इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचीं घातलीं. आणि गाडी तीन आठवड्यांहून अधिक उभी राहणार असेल तर टांकी व कार्ब्युरेटर रिकामे करतों. इथेनॉलमुळें मिश्रण थोडें विरळ होतें, म्हणून कार्ब्युरेटरांतला जेट एका पायरीनें मोठा केला आणि प्लगचा रंग पाहत गेलों. प्लग पांढरा पडला तर इंजिन तापत आहे. काळा व ओला असेल तर पेट्रोल जास्त. भाजलेल्या विटेसारखा असेल तर बरें. तेलाचें प्रमाण पुस्तिकेंतलेंच ठेवलें: ५ लिटर पेट्रोलास २०० मिलिलिटर, आणि पिस्टन नवा असल्यामुळें पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत २५०. हल्लींचीं तेलें चांगलीं आहेत, कमी घातलें तरी चालतें, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचें खरेंही असेल. पिस्टन आमचा आहे.

ब्रेक ड्रमचेच ठेवले, लायनर नवे बसविले. येथें एक धोक्याची सूचना. त्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून आंतली धूळ तोंडानें फुंकण्याची आपल्या मिस्त्री लोकांची संवय आहे; ती धूळ फुप्फुसांत गेली तर परत येत नाहीं. ओल्या फडक्यानें पुसावी आणि फडकें पिशवींत बांधून टाकावें. टायरांची गोष्टही तशीच. जुन्या टायरावर नक्षी शाबूत दिसली तरी रबर मेलेलें असतें. नवें टायर घेतांना त्याच्या अंगावरचे चार आंकडे वाचावे. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. दुकानांत सहा वर्षें पडलेलें टायर नवें म्हणून घेण्यांत अर्थ नाहीं.

रंगाचा वाद आईनें मिटविला. टांकीवर आप्पांच्या गुडघ्यांनीं दोन्ही बाजूंस रंग घांसून गेला आहे. तेवढें तसेंच ठेवा, बाकीचें काय हवें तें करा, असें ती म्हणाली. बटनाचें इंजिन मुलानें आपण होऊनच सोडलें. पहिल्याच दिवशीं तिसऱ्या लाथेस गाडी सुरू झाली, आणि दोन्ही नळ्यांतून निळा धूर ओसरीभर पसरला, तेव्हां त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. शेजारीं धांवत आले. एका वृद्ध शेजाऱ्यांनीं नुसता आवाज ऐकून “डॉक्टर आले वाटतं,” असें म्हटलें.

२०२५ च्या दिवाळीनंतर एका रात्रीं आम्ही दोघे पांचगणीस गेलों व मुद्दाम अंधार पडल्यावर परत निघालों. मुलगा चालवीत होता, मी मागें बसलों होतों. घाटाच्या माथ्यावर त्यानें गाडी न्यूट्रल केली, ब्रेकवर हात ठेवला, इंजिन आपल्या जागीं गुरगुरूं लागलें, आणि माझे डोळे रस्त्यावर न राहतां दिव्यावर राहिले. दिवा किंचित् हलला व तसाच राहिला. तें वळण आलें तेव्हां डोंगराच्या अंगचा चर, त्यांतलें वाळलेलें गवत, एक मैलाचा दगड, सारें स्वच्छ दिसलें. मुलास तें वळण कोणतें हें मीं सांगितलें नव्हतें. त्यानें डाव्या हातानें पितळी बटन दाबलें. छोटा बल्ब लागला कीं नाहीं हें मोठ्या दिव्याच्या उजेडांत मला कळलें नाहीं. “लागतोय, बाबा,” तो म्हणाला.

वेगमापकाचा कांटा मात्र अद्याप शून्यावरून हालत नाहीं. त्याची तार आंत कोठें तरी तुटली आहे. तें काम मीं पावसाळ्यासाठीं राखून ठेवलें आहे.